फुरशाचा सातबारा

शब्दकोड्यातला आडवा सातवा शब्द होता. ‘वाळवंटी भागात आढळणारा विषारी साप, तीन अक्षरे.’ आमच्या चहाच्या टपरीवरचं शब्दकोडं सकाळी आठच्या आत सोडवावं लागतं, कारण आठनंतर त्या पानावर भजी येतात. बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘फुरसे.’’ चहावाल्याने बोटाने घरं मोजली. फु, र, से. बसलं. लगेच सगळे उभ्या तिसऱ्या शब्दाकडे वळले, कारण तो कपाशीवरच्या किडीचा होता आणि त्या विषयावर जळगावात प्रत्येकाला मत असतं.

आप्पा मात्र वळले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशीला लागलेला चहा उपरण्याने टिपला आणि विचारलं, ‘‘फुरसेच का?’’

तेव्हा फेब्रुवारी होता. या प्रश्नातून आमची सुटका मे महिन्यात झाली, आणि तीही सापामुळेच.

खान्देशात व्युत्पत्तीवाले जरा जास्तच निपजतात असं माझं जुनं मत आहे. दोष त्यांचा नाही, मुलखाच्या नावाचा आहे. चार खान्देशी माणसं वरण-बट्टीच्या पंगतीला बसवा आणि ‘खान्देश म्हणजे काय हो?’ एवढंच विचारून बाजूला व्हा. एक म्हणेल, कान्हाचा तो कान्हदेश. दुसरा महाभारतातलं खांडववन थेट तापीकाठी आणून ठेवेल. तिसरा सांगेल की गुजरातच्या अहमदशहाने इथल्या फारुकी राजाला ‘खान’ हा किताब दिला, म्हणून खानाचा देश. चौथा बट्टी कुस्करताना आठवण करून देईल की १६०१ साली असीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून याचं नाव ‘दानदेश’ केलं होतं; ते टिकलं नाही म्हणून बरं, नाहीतर आज सगळ्यांना वर्गणी मागायला आपल्याकडेच पाठवलं असतं. ज्या प्रदेशाच्या नावालाच चार दावेदार, तिथल्या माणसाला दर शब्दाच्या मागे एखादा दडलेला वारस दिसला तर नवल कसलं?

आप्पांच्या बाबतीत त्यात नोकरीची भर पडली. आप्पा तलाठी होते. या पदाला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं असं सरकारने ठरवलंय, पण हा फेरफार आप्पांनी अजून मंजूर केलेला नाही. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनीचे मूळ मालक शोधले. निवृत्त झाल्यावर दप्तर नव्या माणसाकडे गेलं, पण डोक्यातला नमुना सहा तसाच उघडा राहिला. जमीन मिळेना, तेव्हा त्यांनी शब्द धरले.

त्यांची पद्धत शंभर टक्के महसुली आहे. प्रत्येक शब्द म्हणजे एक गट नंबर. संस्कृत हा मूळ मालक. प्राकृत हे कूळ, आणि कूळकायद्याने ते पुढे मालक झालं. फारसी शब्द हे इनामदार. इंग्रजी शब्द म्हणजे अतिक्रमण. आधी टपरी टाकली, मग वीज घेतली, आता नियमित करून द्या म्हणतायत. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेल्या सात वह्या आहेत. त्यांतली सहावी वारसांची. एखाद्या शब्दापासून पुढे कोणते शब्द जन्मले ते त्या वहीत असतं, आणि ज्यांची नोंद राहून गेली त्यांच्यासाठी मागे कोरी पानं.

घरात याचा त्रास माईंना होतो. वांगं भाजून, सोलून, ठेचून, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेलं भरीत पुढ्यात आलं की आप्पा म्हणतात, ‘‘भरीत. भरतावरून. राम वनात, भरत नंदिग्रामात, राजभोग सोडलेले. मग तो खायचा काय? चुलीत वांगं टाकलं.’’ भाकरी कळण्याची असली तर लगेच तिचाही उतारा निघतो. ‘‘ज्याला कळतं तो जे खातो ते कळणं.’’ यावर माई तव्यावरून नजर न काढता म्हणतात, ‘‘मग गरम असताना खायचं एवढं तुम्हाला कसं कळत नाही?’’

अशा माणसाच्या हाती फुरसे लागलं.

आता फुरसे ही काय चीज आहे हे थोडं सांगायला हवं, कारण आप्पांनी ते आम्हाला सांगितलं नाही. त्यांना शब्दाशी मतलब होता, जनावराशी नव्हता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि त्यांतला हा सगळ्यांत लहान. लांबी फूट-दीड फूट. रंग मातीचा, अंगावर फिकट ठिपक्यांची नागमोडी नक्षी, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी किंवा पाखराच्या पावलासारखी खूण. माळावर, बरड जमिनीत, दगडांच्या खाली राहतं. विंचूसुद्धा खातं. अंडी घालत नाही, थेट पिल्लांनाच जन्म देतं. अरबस्तानापासून इराण, सिंध आणि थरच्या वाळूतून आमच्या माळापर्यंत याचं गणगोत पसरलेलं आहे. उलट कोकणात पाऊस मुबलक, पण रत्नागिरीच्या जांभ्यावर हे इतकं माजलं होतं की इंग्रज सरकारने मेलेल्या फुरशामागे रोख बक्षीस लावलं आणि लोकांनी ते लाखांनी मारून आणून दिलं. आप्पांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘‘पावतीवर स्पेलिंग काय करायचे?’’

पहिल्या महिन्यात आप्पांनी मूळ मालकाचा शोध घेतला. संस्कृतात ‘फूत्कार’ आहे. फूत्कार करणारं ते फुरसे. पण मधला ‘र’ कुठून आला? मग ‘स्फुर्’ धातू निघाला. स्फुरणे म्हणजे थरथरणे, उसळणे. घोडा फुरफुरतो, बाहू फुरफुरतात आणि फुरसे उसळी मारून चावतं. मला हे खरंच पटण्यासारखं वाटलं आणि मी तसं बोलून गेलो. तिथेच चुकलं. कुणाला पटलेली व्युत्पत्ती आप्पांना फार सोपी वाटू लागते. सरळ निघालेला उतारा पाहिला की तलाठ्याला आत काहीतरी दडवलंय असा संशय येतोच.

दुसऱ्या महिन्यात ते म्हणाले, ‘‘मास्तर, फुरसत. अरबी शब्द. इनामदार. फुरसं चावलं की माणसाला कायमची फुरसत. अरबस्तानात वाळवंट, वाळवंटात हा साप, आणि शब्दही तिथलाच. काय बाकी राहिलं?’’

मी म्हटलं, ‘‘आप्पा, फुरसत म्हणजे संधी, सवड. ती तर चांगली गोष्ट.’’

‘‘सापाच्या बाजूने बघा.’’

त्यानंतर पुण्याजवळचं फुरसुंगी निघालं. तिथे त्यांचा पुतण्या भाड्याने राहतो. त्याला रविवारी सकाळी सहाला फोन गेला, ‘‘तुमच्याकडे दगड किती आहेत?’’ पोराला वाटलं काकांना किडनीचा त्रास सुरू झाला. त्याने डॉक्टरचा नंबर पाठवून दिला. मग परशू, फरशी, फुरसे अशी एक साखळी जुळली, आणि ती जुळवताना घरात खरोखरच फरशी बसवायचं काम चाललं होतं. फरशी बसवणारा कारागीर जोधपूरकडचा. आप्पांनी त्याला मोबाइलवर फुरशाचा फोटो दाखवला. तो थापी बाजूला ठेवून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, ‘‘बांडी.’’

हा शब्द मात्र अस्सल. थरच्या वाळूत फुरशाला बांडीच म्हणतात. आपल्या मराठीत ‘बांडा’ म्हणजे शेपूट तोकडी किंवा तुटलेली. राजस्थानातली बांडी आणि आपला बांडा बैल यांचं नातं असेल का, यावर एखाद्या माणसाने दोन आठवडे आनंदाने घालवावेत असा तो प्रश्न आहे. हिंदीत याच सापाला ‘अफई’ असंही म्हणतात, आणि ते अरबीतल्या ‘अफआ’वरून आलेलं, म्हणजे वाळवंटातला इनामदार खरोखरच अस्तित्वात होता, फक्त आप्पांनी चुकीच्या वाड्याचं दार ठोठावलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नापसंतीने मान हलवली. पुस्तकात आधीच सापडणारी व्युत्पत्ती त्यांना नको असते. अजगर म्हणजे ‘अज’ गिळणारा, बकरी गिळणारा. घोणस हे ‘गोनस’वरून, गाईसारख्या नाकाचा. किती देखणे शब्द आहेत हे! घोणशीचं तोंड एकदा नीट पाहिलं की त्या जुन्या माणसाच्या नजरेला हात जोडावेसे वाटतात. पण आप्पांच्या वह्यांत या दोघांना जागा नाही. ‘‘ज्याची नोंद झालेली आहे,’’ ते म्हणतात, ‘‘त्याच्या मागे तलाठी धावत नाही.’’

मी एकदा सुचवून पाहिलं की हा शब्द सरळ ध्वन्यनुकारी असेल. आवाजावरून पडलेला. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अशा शब्दांपुढे कंसात ‘ध्व.’ असतं. आप्पा इतके दुखावले की त्यांनी चहा अर्धा टाकला. ‘‘ध्व. म्हणजे काय माहितीये का तुम्हाला? ध्व. म्हणजे गायरान. मालक नाही, वारस नाही, कुणीही गुरं चारा. मी हयात असेपर्यंत फुरसे गायरानात जाणार नाही.’’

खरा अनर्थ तिसऱ्या महिन्यात झाला, आणि तो माझ्या हातून.

आप्पांचा एक कायमचा सिद्धांत आहे. अहिराणी ही आमची बोली. तिचा अर्थ ते ‘अहि’ अधिक ‘राणी’ असा लावतात. अहि म्हणजे साप. म्हणजे ही सापांच्या राणीची भाषा. हा सिद्धांत ते लग्नाच्या मांडवात, एसटीत आणि एकदा दहाव्याच्या विधीला नदीकाठी मांडून झालेत. वास्तविक हे सरळ प्रकरण आहे. आभीर, त्याचे अहीर, त्यांची ती अहिराणी. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे, म्हणजे आभीरांचा या भागातला ताबा तिसऱ्या शतकापासून कागदोपत्री सिद्ध. दगडोपत्री म्हणा. ग्रिअर्सनने १९०७ साली छापलेल्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात खान्देशीला भिल्ली भाषांच्या सोबत बसवलं, त्यावर आमच्याकडचे लोक अजून भांडतात, पण त्यानेही राणीला कुठे सापावर बसवलेलं नाही. शिवाय जळगावच्या पूर्वेकडे लेवा गणबोली आहे, असोद्याच्या बहिणाबाई तिच्यातल्या. तिथे राणीचं राज्य कसं चालायचं हे आप्पांनी कधी स्पष्ट केलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी एका बेसावध संध्याकाळी, मेहरूण तलावाच्या काठी चालता चालता, मी बोलून गेलो की वेदातला ‘अहि’ अवेस्तात ‘अझि’ होतो आणि त्या ‘अझि दहाक’ नावाच्या तीनतोंडी सर्पराक्षसापासूनच फारसीतला अझदहा निघतो. आप्पा थांबले. मागून पळत येणारा एक तरुण त्यांच्यावर आदळता आदळता राहिला. आणि मी, माझी जीभ झडो, पुढे म्हणालो की फुरशाचं शास्त्रीय नाव ‘एकिस कॅरिनेटस’. त्यातलं ‘एकिस’ म्हणजे ग्रीकमध्ये विषारी साप, आणि ते आपल्या ‘अहि’च्या नात्यातलं आहे की नाही यावर भाषापंडितांचे वाद आहेत.

‘वाद आहेत’ हा भाग आप्पांनी ऐकला नाही. तलाठ्याला वाद नवे नसतात. वाद असला तरी नोंद होतेच, हरकत मागून येते.

‘‘एकिस,’’ ते पुटपुटले. ‘‘अहि. अहिराणी. फुरसे. एकाच सातबाऱ्यावर!’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्याच्या एसटीत होतो.

धुळ्यालाच का, हे खान्देशी माणसाला सांगावं लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. पुण्यात १९१० साली त्यांनीच उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ होतं, पण तिथे बिनसलं आणि आमच्या कोरड्या गावाचं भाग्य उजळलं. त्यांच्या मागे धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं, आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या व्युत्पत्तींचे धातुकोश, नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हे ग्रंथ तिथूनच छापले गेले. गावोगाव हिंडून वाण्याच्या पुड्यांतून, माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून कागद गोळा करणारा, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारा आणि मतभेद झाला की उठून चालू लागणारा हा माणूस. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवल्या. आप्पांना त्यांच्याविषयी जे वाटतं ते भक्तीच्या पलीकडचं आहे. मंडलाधिकाऱ्याविषयी तलाठ्याला वाटावं तसं.

नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, पण आप्पांबरोबर तो गावागणिक लांबत जातो. एरंडोल आलं. लोक त्याला पांडवांची एकचक्रा म्हणतात, भीमाने बकासुर तिथेच मारला म्हणतात. आप्पांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितलं की बकासुर हासुद्धा मुळात मोठा साप होता. भुसावळ आमच्या रस्त्यात नव्हतं, तरी भुजंगावरून त्याचं नाव पडलं हे पारोळा येईपर्यंत सिद्ध झालं. शेजारच्या सीटवर एक शाळकरी मुलगा मोबाइल बघत होता. त्याने ऐकून ऐकून शेवटी सांगितलं, ‘‘आजोबा, अमेरिकेच्या वाळवंटातसुद्धा एक साप असतो, तिरका सरकत चालतो. साइडवाइंडर. त्याचं नाव त्यांनी क्षेपणास्त्राला दिलंय.’’ फुरसंही मोकळ्या वाळूत तसंच आडवं सरकतं, हे मी पुस्तकातून वाचलेलं सांगितलं. आप्पांनी खिशातून वही काढली. फुरशाच्या डोक्यावर बाण, त्या सापाचं नाव बाणाला. मुलाची शाळा कोणती विचारली, आणि वारसांच्या पानावर अमेरिकेच्या सैन्याची नोंद केली.

मंडळात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण झालं असं काहीच नाही. समोर कोश आले. आप्पांनी चप्पल काढली, हात धुऊन आले, आणि पुढचे तीन तास पान उलटण्याखेरीज आवाज केला नाही. मी इतक्या वर्षांत त्यांना गप्प असं पहिल्यांदाच पाहत होतो. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. हळूच म्हणाले, ‘‘मास्तर, हा माणूस एकटाच बसून हे सगळं करायचा.’’ फुरशाचा विषय त्यांनी तिथे कुणाकडेही काढला नाही. बाहेर पडल्यावर पांझरेच्या पुलावर उभं राहून त्यांनी उसाचा रस घेतला आणि जाहीर केलं की आपला उतारा आता पक्का झाला. कशावरून पक्का झाला ते मी विचारलं नाही. मोठ्या साहेबाच्या कचेरीत नुसतं बसून आलं तरी खालच्या माणसाचं काम झाल्यासारखं वाटतं, तसं असावं.

परतीच्या वाटेवर मी सहज गीतेचा विषय काढला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ते आठवून. दहाव्या अध्यायात भगवंत सर्पांमधला वासुकी आपण आणि नागांमधला अनंत आपण असं वेगवेगळं सांगतात. म्हणजे सर्प आणि नाग ही दोन खाती. आप्पांनी ते ऐकलं आणि काळजीने विचारलं, ‘‘फुरशांमधला कुणी सांगितलाय का?’’ नाही म्हटल्यावर पारोळ्यापर्यंत ते नाराज होते.

मग मे आला. आप्पांची पारोळ्याच्या बाजूला पाच एकर शेती आहे. थोडी विहिरीखाली, बाकी बरड. सालदार आणि त्याची बायको शेतातच खोपीत राहतात. बांधाचे दगड सरकवून नीट रचायचं काम चालू होतं. मी आणि आप्पा निंबाच्या सावलीत बसलो होतो. आप्पा ‘एकिस’पासून सुरू करून फूत्कारापर्यंत आलेला त्यांचा बेचाळीस पानी फेरफार मला वाचून दाखवत होते. अकराव्या पानावर सालदारणीने हातातलं टोपलं टाकलं आणि ओरडली, ‘‘आप्पा, जनावर शे! मांगे व्हा!’’

दगडाखाली ते होतं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं, मधोमध डोकं. आप्पांनी तीन महिने ज्याचा पाठलाग केला ते सात हातांवर होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि तीन पावलं मागे जाऊन म्हणाले, ‘‘आता नीट ऐका. फूत्कार ऐका.’’

आवाज आला. पण तो फूत्कार नव्हता. सुतार ओल्या लाकडावर करवत घासतो ना, तसा. खर्रर्र, खर्रर्र. आणि सापाचं तोंड बंद.

सालदाराने गावातल्या सर्पमित्राला फोन केला होता. पोरगा मोटरसायकलवर आला. हातात लोखंडी आकडा आणि झाकणाला भोकं पाडलेली बरणी. त्याने साप बरणीत घेतला आणि मग बांधावर बसून पाणी प्यायला. आप्पा त्याला म्हणाले, ‘‘बाळा, हे फुसफुसलं का नाही? घाबरलं असेल.’’

‘‘आप्पा, हे तोंडानं आवाज करतच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘अंगाच्या बाजूच्या खवल्यांना मधोमध कंगोरा असतो, करवतीसारखे दाते असतात. वेटोळं एकमेकांवर घासतं, त्याचा आवाज तो. इंग्रजीत नावच करवती खवल्यांचा साप. वाळवंटात राहणारं, फुसफुसण्यात श्वासातलं पाणी वाया जातं, म्हणून अंगानं आवाज काढतं असं म्हणतात.’’

‘कॅरिनेटस’चा अर्थही तोच. कॅरिना म्हणजे लॅटिनमध्ये नावेचा तळकणा. ज्या माणसाने १८०१ साली हे नाव ठेवलं त्याने खवल्यांवरचा कंगोरा बघून ठेवलं होतं. मी हे आप्पांना तीन महिन्यांपूर्वीच सांगू शकलो असतो, पण ते एकिसपाशीच थांबले होते.

पोरगा बोलत होता. चावलं तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, सरळ दवाखाना गाठा. याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि ते गोठतं का पाहतात. सालदार आणि त्याची बायको एकेक शब्द ऐकत होते. आप्पा ऐकत नव्हते. ते बेचाळीस पानांकडे बघत होते. अकरा ते एकतीस, सगळी फूत्कारावर उभी होती.

‘‘म्हणजे गट नंबरच चुकला,’’ ते अखेर म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मला ते लक्षण चांगलं माहीत आहे. ‘‘आवाज खर्रर्र असेल तर मूळ नाव खरसे. ज्या कारकुनाने पहिल्यांदा उतरवलं त्याच्या हस्ताक्षरात ख चा फ झाला. मी तेहतीस वर्षं पाहिलंय हे. खंडूचा पांडू होतो, जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते.’’

सर्पमित्राने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने बरणी उचलली, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली आणि दूरच्या माळावर सोडायला निघून गेला.

त्या रात्री आम्ही शेतावरच राहिलो. शेतीची वीज रात्री येणार होती आणि विहिरीवरची मोटर चालू करायची होती. अकराच्या पुढे बल्ब लागला. आप्पा बॅटरी घेऊन पुढे, मी मागे, माझ्या मागे सालदारणीचा कंदील. आप्पांचं बोलणं चालूच होतं. खरसे या शब्दाला आता खर, म्हणजे गाढव, हा नवा वारस मिळाला होता, आणि गाढवाच्या ओरडण्याशी त्या आवाजाचं साम्य सिद्ध होत आलं होतं.

विहिरीच्या काठाशी, पायऱ्यांच्या दगडाजवळ, अंधारात कुठेतरी सुतार करवत घासू लागला.

बॅटरी खाली पडली. गाढव अर्धवट राहिलं. आप्पा हवेत किती उडाले ते अंधारामुळे नीट सांगता येत नाही, पण खाली आले ते माझ्या पायावर. आणि त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘ओ माय वं!’’

एवढंच. संस्कृत नाही, अवेस्ता नाही, ग्रीक नाही. सरकारी दप्तराची मराठीसुद्धा नाही.

‘‘काय शे, आप्पा?’’ सालदारणीने मागून कंदील वर धरत विचारलं.

‘‘जनावर!’’ आप्पा म्हणाले. ‘‘जनावर शे वं!’’

ती पुढे झाली, काठी जमिनीवर दोनदा आपटली, थोडा वेळ थांबली. आवाज लांब गेला. तिने बॅटरी उचलून आप्पांच्या हातात दिली आणि काही न बोलता मोटरचं बटण दाबलं. पाणी सुरू झालं.

खोपीत परत येऊन बसल्यावर मी पाय चोळत होतो. आप्पांनी लाल कापड उघडलं, सहावी वही काढली, पेन काढलं, टोपण काढलं. कंदिलाच्या उजेडात बराच वेळ कोऱ्या पानाकडे पाहत बसले. लोक त्याला जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, चावलं तर पान लागलं म्हणतात, दोरीही म्हणतात. सापाची निम्मी नावं त्याचं नाव टाळण्यासाठीच पडलेली आहेत. त्यांचा मूळ मालक कोण धरायचा? मला वाटलं आता यावर काहीतरी येणार, आणि रात्रभर झोप नाही.

‘‘आप्पा,’’ मी विचारलं, ‘‘विहिरीपाशी होतं ते फुरसंच ना?’’

आप्पांनी दाराकडे पाहिलं. पेनाचं टोपण लावलं. वही बंद केली, कापडात गुंडाळली, दोन गाठी मारल्या.

‘‘रातले तेनं नाव लेवानं नही, मास्तर,’’ ते म्हणाले आणि पाय वर घेऊन खाटेवर बसले.